विश्लेषण : मोबाइलचे जाळे कोलमडले तर बदलापूर-उल्हासनगरचा संपर्क कसा टिकेल?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच पावसात उल्हास नदीने बदलापूरपासून कल्याणपर्यंतचा पट्टा पाण्याखाली घेतला. वीज गेली, फोन लागेनासे झाले आणि नातेवाईक सुखरूप आहेत की नाहीत हे कळायला अनेकांना दुसरा दिवस उजाडावा लागला. २७ जुलै २०१९ रोजी कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीदरम्यान पुरात अडकली. एनडीआरएफ आणि नौदलासह अनेक यंत्रणांनी सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढले. त्या दिवशी फोन सुरू होते, म्हणून गाडीभोवतीच्या पाण्याची दृश्ये प्रवाशांनीच जगाला दाखवली. नदी तीच होती, फरक फोन सुरू असण्याचा होता. मात्र मोबाइल मनोऱ्याला वीज लागते आणि वीज गेल्यावर त्याच्या बॅटऱ्या काही तासच पुरतात. मनोरे बंद पडले तर काय, याचे एक जुने उत्तर म्हणजे हौशी रेडिओ, अर्थात हॅम रेडिओ. त्याचा सर्वात स्वस्त, घरी बनू शकणारा आणि सर्वाधिक दुर्लक्षित भाग आहे अँटेना.

हॅम रेडिओ म्हणजे काय? परवाना कोणाला मिळतो?

सरकारी परीक्षा देऊन, परवाना घेऊन, छंद म्हणून स्वतःच्या रेडिओ संचावरून बोलणाऱ्यांना हॅम म्हणतात. दोन संच थेट एकमेकांशी बोलतात. मध्ये कंपनीचा मनोरा, सिमकार्ड किंवा इंटरनेट लागत नाही. देशात या सेवेसाठी १९७८ चे नियम आणि त्यांतील नंतरच्या दुरुस्त्या यांचा आधार घेतला जातो. परवाना दूरसंचार विभागाची वायरलेस नियोजन शाखा देते. अर्जासाठी किमान वय १२ वर्षे आहे. परीक्षेत रेडिओचे मूलभूत तंत्र आणि नियम विचारले जातात. ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीसाठी मोर्सची सांकेतिक लिपी यावी लागत नाही, ‘जनरल’साठी ती लागते. परवानाधारकाची ओळख असलेली नावखूण व्हीयू या अक्षरांनी सुरू होते. व्यवसायासाठी किंवा खासगी फायद्यासाठी या लहरी वापरता येत नाहीत. आपत्तीत मात्र त्यांचे मोल मोठे ठरते. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामीने अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा दिल्लीच्या हॅम भारती प्रसाद आपल्या चमूसह छंदाच्या मोहिमेवर पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. त्यांनी तिथून संदेशवहन सुरू ठेवले.

ऑनलाइन वॉकीटॉकी घेतली तर चालत नाही का?

बहुतेकांचा पहिला विचार हाच असतो. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकीच्या बेकायदा विक्रीवरून १३ ई-कॉमर्स मंचांना नोटिसा बजावल्या. त्यानंतर अशा उपकरणांच्या ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. संच कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, त्याला परवाना लागतो का, उपकरणाला सरकारी मान्यता आहे का, हे ग्राहकाला न सांगताच विक्री होत असल्याचा आक्षेप होता. परवान्याविना वापरता येतात ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या अरुंद पट्ट्यातील कमी शक्तीचे संच. दाट वस्तीत त्यांची झेप एखाद-दोन किलोमीटरच्या पुढे क्वचितच जाते. उल्हासनगर ते बदलापूर हे रेल्वेचे अंतर १० किलोमीटर आहे. हॅमसाठीचे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवरील संच अधिक शक्तीचे असतात, पण ते परवान्याशिवाय वापरणे गुन्हा आहे. आणि परवाना हाती आला, संच आला, तरी खरा प्रश्न उरतोच. संचासोबत येणारी वीतभर रबरी अँटेना खिशात मावावी म्हणून आखूड केलेली असते. सिग्नल लांब पोहोचवणे हे तिचे कामच नाही.

या पट्ट्यात नेमकी अडचण कोणती?

पहिली अडचण उंचीची. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले की तिचे रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. रस्त्यावर उभ्या माणसाच्या हातातील, दीड मीटर उंचीवरील संचाचे क्षितिज पाच किलोमीटरवर संपते, तेही मोकळ्या मैदानात. सातमजली इमारतीच्या गच्चीवर, २० मीटर उंचीवर तीच अँटेना नेली तर क्षितिज १८ किलोमीटरवर जाते. म्हणजे बदलापुरात एक आणि उल्हासनगरात एक अशा दोन गच्च्या पुरेशा आहेत.

दुसरी अडचण डोंगरांची. या खोऱ्याच्या एका बाजूला मलंगगड, चंदेरी ते माथेरान अशी रांग उभी आहे. पलीकडे पनवेल आणि नवी मुंबई. नकाशावर अंतर थोडे दिसते, पण नजरेच्या रेषेत जाणाऱ्या लहरींना ही भिंत आडवी येते. तिसरी अडचण पुराच्या वेगाची. बदलापुरात उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर, तर धोक्याची पातळी १७.५० मीटर मानली जाते. मधला एक मीटर चढायला घाटमाथ्यावरचा जोरदार पाऊस पुरतो. नदीकाठी पाणी चढल्याचा निरोप खाली अंबरनाथ, उल्हासनगरकडे वेळेत पोहोचणे हीच तर गरज आहे.

मग अँटेना घरी बनवता येते?

येते, आणि खर्च काही शे रुपयांचा असतो. सर्वात सोपी म्हणजे पाव तरंगलांबीची उभी अँटेना. १४५ मेगाहर्ट्झसाठी तिची उभी काडी सुमारे ४९ सेंटिमीटरची. तिच्या तळाशी थोड्या लांब, ५१ ते ५२ सेंटिमीटरच्या चार काड्या खाली ४५ अंशांत छत्रीसारख्या झुकवायच्या. पितळी ब्रेझिंग रॉड, एक सॉकेट, चार नट-बोल्ट आणि प्लास्टिकच्या पाइपचा खांब एवढेच सामान लागते. ‘उल्हासनगरात काय बनत नाही?’ हा विनोद जुना आहे. केबल, कनेक्टर आणि सोल्डरिंग जाणणारे हात या तिन्ही शहरांत सहज सापडतात.

ज्यांनी दूरदर्शनचा काळ पाहिला त्यांना हे काम परके वाटणार नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि हळूहळू चाळीचाळींवर माशाच्या काट्यासारख्या अँटेना उभ्या राहिल्या. एक जण गच्चीवर अँटेना फिरवायचा, खालून कोणीतरी ‘आलं, आलं... गेलं!’ ओरडायचे. दिशा, उंची आणि जोडणी यांनी चित्र बदलते हे तेव्हा घराघराला ठाऊक होते. केबल आली आणि ही समज विस्मरणात गेली.

आता खालून ओरडण्याचे काम मीटर करतो. संचातून निघालेली किती शक्ती अँटेना न स्वीकारता परत पाठवते, हे एसडब्ल्यूआर या आकड्यावरून कळते. आकडा १.५ असेल तर अवघी ४ टक्के शक्ती परत येते, ३ असेल तर २५ टक्के. काडी आधी थोडी लांब ठेवायची आणि मीटर पाहत छाटत जायचे, हा सर्वमान्य रिवाज आहे. पूर्वी असे सविस्तर मोजमाप मुख्यतः प्रयोगशाळेत होई. गेल्या काही वर्षांत नॅनोव्हीएनए नावाचे तळहाताएवढे यंत्र काही हजार रुपयांत मिळू लागल्याने ते गच्चीवरही करता येते.

डोंगरापलीकडे बोलायचे असेल तर?

त्यासाठी फ्रिक्वेन्सी खाली आणावी लागते. ७ मेगाहर्ट्झच्या लहरी आकाशाकडे सोडल्या तर वरच्या वातावरणातील विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन त्या खाली येतात आणि डोंगर ओलांडण्याचा प्रश्नच राहत नाही. दिवसा अशा लहरींवर पुणे, नाशिक, कोल्हापूर गाठता येते. रात्री अनेकदा त्याहून खालचा पट्टा लागतो. यासाठी अँटेना म्हणजे मधोमध केबल जोडलेली सुमारे २० मीटरची तार. ती फार उंचही नको. जमिनीपासून पाच-सहा मीटरवर बांधली तरी लहरी सरळ वर जातात आणि जवळच्या जिल्ह्यांत उतरतात. या कामी तिचे कमी उंचीवर असणे सोयीचेच ठरते.

मुंबईच्या इतिहासात या पट्ट्याला जागा आहे. १९४२ च्या चले जाव आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेले गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र ४२.३४ मीटर तरंगलांबीवर ऐकू येई. हिशेब केला तर हे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ होतात, म्हणजे आजच्या हॅमच्या ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातच ते बसते. पोलिसांना चुकवत जागा बदलणाऱ्या त्या केंद्रामागे नरिमन प्रिंटर आणि बॉब तन्ना यांच्यासारखे रेडिओचे जाणकार होते. ऑगस्टमध्ये सुरू झालेले हे केंद्र नोव्हेंबरमध्ये पकडले गेले. ते तीन महिने चालू शकले ते शहरात रेडिओ हाताने बांधू जाणणारी माणसे आधीपासून होती म्हणून. तशी माणसे संकट आल्यावर तयार करता येत नाहीत.

हे ज्ञान येते कोठून?

अँटेनाचा सिद्धांत अभियांत्रिकीच्या पुस्तकात असतो. ‘४९ सेंटिमीटरची काडी कापा, सॉकेटला अशी जोडा, पाणी शिरू नये म्हणून हे करा’ ही माहिती मात्र छंदी तांत्रिक मासिकांनी दिली. अमेरिकेतील हॅम संघटनेचे ‘क्यूएसटी’ १९१५ पासून निघते आणि त्या संघटनेचे अँटेनावरील पुस्तक १९३९ पासून नवनव्या आवृत्त्यांत येत आहे. भारतात ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ १९६९ मध्ये सुरू झाले. १९८० च्या दशकात ‘एलेक्टर’ची भारतीय आवृत्ती मुंबईतून निघत होती. मासिकात सर्किट पाहायचे, लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घ्यायचे आणि रविवारी सोल्डरिंग गन तापवायची, यावर उपनगरांतील एक पिढी इलेक्ट्रॉनिक्स शिकली.

छापल्याने काय होते याचे सर्वात बोलके उदाहरण माशाच्या काट्यासारख्या त्या अँटेनाचेच आहे. ती जपानमध्ये शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी शोधली. उदा यांचे लेखन १९२६ पासून जपानी भाषेत आले. यागी यांनी १९२८ मध्ये इंग्रजीत लेख लिहिला आणि अँटेनाला जगभर यागींचे नाव चिकटले. पुढे १९४२ मध्ये सिंगापूर जिंकल्यावर जपानी तंत्रज्ञांना ब्रिटिश रडारविषयीच्या टिपणवहीत ‘यागी’ हा शब्द वारंवार दिसला. त्याचा अर्थ त्यांना लागेना. एका युद्धकैद्याने सांगितले की, हे तर अँटेना शोधणाऱ्या जपानी प्राध्यापकाचे नाव आहे. शोध ज्यांच्या देशात लागला ते विसरले होते. ज्यांनी छापील लेख वाचून अँटेना बांधली, त्यांनी ती वापरात आणली होती.

आपल्याकडचे अलीकडचे उदाहरण हैदराबादचे हॅम अशर फरहान यांचे. त्यांनी ‘बिटएक्स’ हा लघुलहरींचा संच भारतीय बाजारात मिळणाऱ्या साध्या भागांतून बांधला आणि त्याचा पूर्ण आराखडा सर्वांसाठी खुला केला. कॉइल गुंडाळायला लागणारी खास कडी इथे सहज मिळत नाही, म्हणून त्यांनी पाण्याच्या नळाचा वॉशर वापरला. हा आराखडा पुढे जगभरच्या हौशींनी बांधला. इथल्या अडचणीवरचे उत्तर नीट लिहून ठेवले तर ते परदेशातही उपयोगी पडते, हे त्यातून दिसले.

छापलेले सगळे बरोबर असते का?

नसते. आपली अँटेना सिग्नल किती पटींनी वाढवते याचे फुगवलेले दावे या क्षेत्रात पूर्वीपासून होत आले. त्यामुळेच ‘क्यूएसटी’ने कित्येक वर्षे जाहिरातींत असे आकडे छापूच दिले नाहीत. पण छंदी मासिकाची खरी ताकद त्याच्या वाचकात असते. तो लेख वाचून थांबत नाही, अँटेना बांधून पाहतो. माप चुकले असेल तर पत्र पाठवतो आणि पुढच्या अंकात दुरुस्ती येते. परीक्षकांच्या समितीइतकीच ही चाचणी कडक असते.

दुसरी अडचण स्थळाची. परदेशी लेखातील माप इथे जसेच्या तसे लागू होत नाही. उघड्या तारेसाठी दिलेल्या सूत्राने ७.१ मेगाहर्ट्झला २०.१ मीटर तार लागते. आपण दुकानातून घरगुती वायरिंगची प्लास्टिक आवरणाची तार आणतो. आवरणामुळे ती तीन ते पाच टक्के आखूड करावी लागते. सूत्रावर भरवसा ठेवणारा नवखा माणूस इथेच फसतो आणि दोष संचाला देतो.

केबलचेही तसेच. बाजारात सहज मिळणारी बारीक आरजी-५८ केबल १५ मीटर लांब टाकली तर १४५ मेगाहर्ट्झवर जवळपास निम्मी शक्ती केबलमध्येच जिरते. पाच वॅटच्या संचातून अँटेनापर्यंत अडीच वॅटच पोहोचतात आणि येणारा सिग्नलही तितकाच क्षीण होतो. गल्लोगल्ली डिशसाठी मिळणारी आरजी-६ केबल ७५ ओहमची असते, संचाला ५० ओहमची हवी असते. तरीही या तफावतीने एसडब्ल्यूआर साधारण १.५ पर्यंतच जातो आणि तितक्याच लांबीत चौथ्या हिश्श्याच्या आसपासच शक्ती जाते. म्हणजे इथल्या माणसाला स्वस्त डिशची केबलच अधिक लाभाची. हे कुणी मोजून आणि लिहून दिले नाही तर ते कळण्यास मार्ग नाही.

पावसाळ्याचा मुद्दा त्याहून मोठा. चार महिन्यांचा कोकणी पाऊस आणि अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक कारखान्यांच्या शेजारची हवा यांत तांबे आणि ॲल्युमिनियम थेट जोडले की सांधा लवकर गंजतो. मे महिन्यात उत्तम चालणारी अँटेना जुलैत, म्हणजे जेव्हा ती हवी तेव्हाच, दगा देते. कोरड्या हवेत लिहिलेल्या लेखात याबद्दल एखादेच वाक्य असते. आपल्याकडे त्यावर अख्खा लेख हवा.

धोके कोणते? मर्यादा कोणत्या?

अँटेना उभारताना सर्वात मोठा धोका विजेच्या तारांचा. खांब आडवा पडला तरी कोणत्याही वीजवाहिनीला टेकणार नाही इतके अंतर हवे. गच्चीवरील धातूच्या खांबाला अर्थिंग हवे आणि गडगडाट सुरू होताच केबल संचापासून काढून ठेवायला हवी. गृहनिर्माण संस्थेची परवानगी हा पहिला अडथळा असतो. मोबाइल मनोऱ्यांच्या अनुभवामुळे रहिवाशांना ‘अँटेना’ हा शब्दच नकोसा वाटतो. पाच वॅटचा, गरजेपुरता सुरू होणारा संच आणि अहोरात्र चालणारा मनोरा यांतील फरक त्यांना समजावून द्यावा लागतो.

हॅम रेडिओ हा पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेला किंवा एनडीआरएफला पर्याय नाही. त्यावर हजारो लोक एकाच वेळी बोलू शकत नाहीत आणि संभाषण कोणालाही ऐकू जाते. २०२३ मध्ये सरकारने मोबाइलवर मोठ्या आवाजात येणाऱ्या आपत्ती इशाऱ्याची चाचणी घेतली. ती यंत्रणा उपयुक्तच आहे, पण ती एकतर्फी आहे आणि मनोरा जिवंत असेपर्यंतच चालते. ‘इकडे पाणी कंबरेपर्यंत आले, होडी हवी’ हा उलटा निरोप तिच्यावरून जात नाही. तेवढा एक निरोप पोहोचवणे हेच हॅमचे काम.

पुढे काय करता येईल?

संच विकत मिळतो, परवाना परीक्षेने मिळतो. अँटेना उभारण्याचे कसब मात्र ज्याने ते केले आहे त्याच्या हातून किंवा त्याच्या लेखातूनच मिळते. मराठीत विज्ञानलेखनाची परंपरा मोठी आहे. ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ मध्ये सुरू झाले. पण त्यातला बराच भाग समजावून सांगण्याचा राहिला, बांधून दाखवण्याचा कमी. आयटीआयमधील मुलगा किंवा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील फिटर सोल्डरिंग उत्तम करतो, नळी अचूक कापतो. त्याच्यापर्यंत अँटेनाची मापे बहुधा इंग्रजीत, इंचांत आणि इथे न मिळणाऱ्या सामानाच्या नावांनी पोहोचतात.

उपाय खर्चीक नाही. एखाद्या महाविद्यालयाने, विज्ञान मंडळाने किंवा हौशींच्या गटाने मराठीत चार-सहा पानांच्या पुस्तिका काढाव्यात. एका पुस्तिकेत एकच अँटेना असावी. सामान इथल्या दुकानांतले, मापे सेंटिमीटरमध्ये. बदलापूरच्या कोणत्या भागातून उल्हासनगरच्या कोणत्या कॅम्पपर्यंत आवाज पोहोचला आणि कुठे पोहोचला नाही, याचा नकाशा सोबत जोडावा. पावसाळ्यानंतर तीच अँटेना पुन्हा मोजून काय बिघडले तेही छापावे. चुकलेले प्रयोग वगळू नयेत, कारण पुढच्याचा वेळ तेच वाचवतात. परवाना नसलेल्यालाही सुरुवात करता येते. अँटेना बांधणे, आकाशवाणीचे दूरचे केंद्र ऐकून ती तपासणे यापासून शिकणे सुरू होते. प्रक्षेपण मात्र परवान्यानंतरच करायचे.

आणि हे काम पाऊस संपल्यावर हाती घ्यायचे आहे. नदी १६.५० मीटरवर पोहोचल्याचा इशारा आल्यावर गच्चीवर खांब उभारता येत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात कापलेली ४९ सेंटिमीटरची काडी, मोजून तपासलेली आणि सांध्यावर टेप गुंडाळलेली, जुलैच्या रात्री उपयोगी पडते.